होळीच्या दुसऱ्या दिवशी

[दृश्य: पुणे, लकडी पूल. संध्याकाळची वाहतूक. कॅमेरा हळूहळू नदीपात्राकडे.]

ऑक्टोबर 1905. दसरा तोंडावर आलेला. पुण्यातून एक मिरवणूक निघाली. पालखी नाही, गणपती नाही. गाडीत रचलेला कपड्यांचा ढीग आहे. कोट, टोप्या, उपरणी, धोतरं. सगळं विलायती.

मिरवणूक लकडी पुलावरून पलीकडे गेली. हा पूल तेव्हाही नावालाच लकडी होता, बांधकाम दगडी. नदीपलीकडे मोकळी जागा होती. तिथे ढीग ओतला आणि पेटवला. पुढाकार फर्ग्युसन कॉलेजातल्या विनायक दामोदर सावरकर नावाच्या विद्यार्थ्याचा. हजर होते लोकमान्य टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे. पुढे कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. एक परांजपे होळीपाशी, दुसरे परांजपे दंड करणारे. पुण्याला हे शोभूनच दिसतं.

ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ती होळीपाशी सुरू होते आणि होळीपाशीच संपते. आम्हाला मात्र एक साधा प्रश्न पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही माणसं काय नेसली? नवं धोतर कुठून आलं? कुणी विणलं, किती आण्यांना पडलं, आणि ते आणे कुणाच्या गल्ल्यात गेले?

[दृश्य: जुना नकाशा. मुंबई बंदर, सुएझ, लिव्हरपूल.]

आधी थोडं मागे जाऊ. बंगालची फाळणी जाहीर झाली जुलै 1905 मध्ये. 7 ऑगस्टला तिच्या निषेधात कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. पण स्वदेशी हा शब्द पुण्याला नवा नव्हता. सार्वजनिक सभेच्या गणेश वासुदेव जोश्यांनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, 1872 मध्येच हातच्या सुताचं कापड वापरायची शपथ घेतली होती. 1877 च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीत मिरवत असताना काका तिथे जाडंभरडं नेसून गेले. लोकांना ते तऱ्हेवाईक वाटले असतील. तेव्हा स्वदेशी ही एका माणसाची हौस होती. तिचा राग व्हायला कर लागला.

कर असा. परदेशातून येणाऱ्या कापडावरची जकात सरकारनं 1882 मध्ये काढून टाकली. मँचेस्टरच्या मालाला दार सताड उघडं. पुढे तिजोरीत खडखडाट झाला, म्हणून 1894 मध्ये जकात पुन्हा बसवावी लागली. त्यावर लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्यातल्या, गिरणीवाल्यांनी ओरड केली की मग हिंदुस्थानातल्या गिरण्यांना फायदा होईल! सरकारनं तोड काढली. 1896 पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि परळच्या गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के. आपल्याच देशात विणलं, आपल्याच देशात विकलं, तरी कर भरा. त्या वर्षीही महाराष्ट्रात विलायती कपडे जाळले गेले होते. 1905 ची होळी पहिली नव्हती, गाजलेली होती.

[दृश्य: टेबलावर एक जुना कंदील. हात काच काढतो, वात वर करतो.]

कपड्याकडे येऊच. त्याआधी हा कंदील बघा. चित्रीकरणासाठी जुन्या बाजारातून आणलाय. टाकीला गंज, दांडी वाकलेली. पण काच शाबूत आहे, आणि आपल्याला काचच दाखवायची आहे.

ज्यांचं बालपण विजेच्या आधीचं आहे त्यांना हे काम आठवत असेल. दिवेलागणीच्या आधी काच पुसायची. चुलीतली राख, मऊ फडकं, आणि लहान मुलाचा हात, कारण मोठ्याचा हात आत जात नाही. काच गरम असताना पाण्याचा एक थेंब उडाला तरी तड! मग घरात बोलणी, कारण नवी काच म्हणजे पुन्हा पैसे. आणि 1905 साली ती काच येत होती जर्मनीतून, ऑस्ट्रियातून. बायकांच्या हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा तिकडूनच. कासाराच्या पेटीत ऑस्ट्रिया, वाण्याच्या दुकानात मॉरिशस. पांढऱ्या साखरेला आपल्याकडे ‘मोरस’ म्हणायचे ते याच मॉरिशसवरून. देवापुढे दिवा लावायचा म्हटला तरी घरात चार देश हजर.

जाळणं एका संध्याकाळचं काम. पण काच जाळता येत नाही. ती फोडली तर रात्री अंधारात बसावं लागतं. स्वदेशीची खरी परीक्षा इथे होती, आणि ती द्यायला पुढे आला अंताजी दामोदर काळे नावाचा एक माणूस.

काळ्यांचा हिशेब भाबडा वाटावा इतका सोपा होता. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा. फक्त एक. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट दारं ठोठवायची, आणि हजार रुपये जमवायला चौसष्ट हजार. माणसं डबे घेऊन हिंडली, जत्रेत उभी राहिली. हाच पैसाफंड. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला.

[दृश्य: काचेची भट्टी. नळीच्या टोकाला लालभडक गोळा.]

काच करणं म्हणजे वाळू वितळवणं, इतकंच आपल्याला ठाऊक असतं. कारागिराला विचारा. वितळलेला गोळा लांब नळीच्या टोकावर घ्यायचा, फुंकायचा, फुंकताना नळी सारखी फिरवत ठेवायची, नाहीतर फुगा एका बाजूला कलतो. एवढं साधलं तरी खरी मारामारी पुढेच. तयार काच हळूहळू थंड करावी लागते. घाई केली की वरून नीट दिसते आणि गिऱ्हाइकाच्या घरी, वातीची पहिली धग लागताच, फुटते. पुस्तक वाचून हे येत नाही. म्हणून तळेगावला ईश्वरदास वार्ष्णेय आले, परदेशात जाऊन काचकाम शिकलेले. तिथे माल निघत होता आणि माणसंही घडत होती. त्याच तळेगावात विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं, राष्ट्रीय शिक्षणाचं. सरकारनं 1910 मध्ये ते बंद पाडलं. भट्टी मात्र चालू राहिली.

पण म्हणून लगेच घरोघर तळेगावची काच आली, असं समजू नका. ऑस्ट्रियाची काच स्वस्त होती, एकसारखी होती. भाषण ऐकून आलेला माणूस महिनाभर देशी काच घेतो. दुसरी फुटली की वाण्याला हळूच विचारतो, ती दुसरी आहे का हो?

बहिष्काराला जे जमलं नाही ते 1914 च्या महायुद्धानं केलं. जर्मनी आणि ऑस्ट्रिया शत्रू झाले, त्यांच्या बोटी बंद. बाजारात काच नाही. 1916 मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंनी काच कारखाना काढला, आणि त्या माळाला ओगलेवाडी नाव पडलं. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात इतका चालला की कित्येक घरांत कंदील शब्दाआधी प्रभाकर शब्द आला. त्याच औंध संस्थानात काही वर्षं आधी किर्लोस्करवाडी वसली होती. पंतप्रतिनिधींचं छोटं संस्थान, पण जागा देणारं, उद्योगाच्या पाठीशी उभं राहणारं. होळीनं हवा केली, हे खरं. पण माल गिऱ्हाइकाच्या हातात पडला तो युद्धामुळे, एका संस्थानिकामुळे आणि भट्टीपाशी हात भाजून घेणाऱ्या माणसांमुळे.

[दृश्य: गिरणीचा भोंगा. परळची जुनी छायाचित्रं.]

आता कापड.

पुण्यात जळलेल्या धोतराच्या जागी जे धोतर आलं ते बहुतेक मुंबई नाहीतर अहमदाबादच्या गिरणीतलं. गिरण्यांना तेजी आली. तेजीला इतरही कारणं होती, पण बहिष्कारानं तिला जोर दिला यात शंका नाही. बंगाल तर मुंबईच्या धोतरांवरच अवलंबून. आणि मुंबईच्या गिरणीमालकांनी काय केलं? भाव चढवले. कोलकात्याचे पुढारी विनवत राहिले की निदान या काळात तरी भाव धरून ठेवा. व्यापाऱ्यानं व्यापार केला. तिकडे देशभक्ती म्हणून माणूस जास्त पैसे मोजत होता, इकडे ते पैसे नफ्याच्या रकान्यात पडत होते.

गिरणीच्या आत काय चाललं होतं? विजेचे दिवे नुकतेच आले होते. पूर्वी अंधार पडला की साचे थांबायचे. आता अंधार उरला नाही. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. 1905 च्या त्याच शरद ऋतूत, पुण्यात होळी पेटली त्याच सुमाराला, मुंबईतले कामगार जादा तासांविरुद्ध बंद पुकारत होते. ही दोन दृश्यं आपण एकत्र कधी बघत नाही. स्वदेशी धोतराचा एकेक तागा या पंधरा तासांतून निघत होता. आणि ज्या साच्यांवर तो निघत होता ते साचे कुठले? बरेचसे लँकेशायरचे. ओल्डहॅमची प्लॅट कंपनी मुंबईला यंत्रं विकत होती आणि तिच्या शेजारचे गिरणीवाले मुंबईला कापड विकायला बघत होते.

तरीही हाच कामगार तीन वर्षांनी काय करतो बघा. 22 जुलै 1908 ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. शिक्षेच्या वर्षामागे एक दिवस.

[दृश्य: कोलकाता बंदर. जुन्या वह्यांची पानं.]

बंगालचे आकडे सांगायलाच हवेत, कारण परिणाम मोजायचा तर सरकारी वहीच उघडावी लागते. सप्टेंबर 1906 मध्ये कोलकात्याच्या कस्टम कलेक्टरनं आदल्या वर्षीच्या ऑगस्टशी तुलना केली. सुती कापडाची आयात 22 टक्क्यांनी घटलेली. सूत 44 टक्क्यांनी. मीठ 11. सिगारेट 55. आणि बूट 68 टक्के!

हे आकडे उलटसुलट करून बघा. ज्याच्याशिवाय चालतं ते सगळ्यात जास्त घटलं. बूट आणि सिगारेट शहरातल्या शिकलेल्या बाबूंची चीज. ते सोडणं त्यांच्या हातात होतं. मिठावर बहिष्कार कोण घालणार? कापडाच्या घसरणीतही एक मेख आहे. कोलकात्याच्या मारवाडी व्यापाऱ्यांचं त्याच काळात मँचेस्टरशी व्यवहाराच्या अटींवरून बिनसलं होतं. त्यांनी मागण्या रोखल्या, त्याचंही श्रेय बहिष्काराच्या खात्यात जमा झालं.

आणि खेड्यात? पूर्व बंगालमध्ये जमीनदार बहुतेक हिंदू, कुळं बहुतेक मुसलमान. बाजारात स्वस्त विलायती कापड होतं आणि महाग देशी. जमीनदाराची माणसं येऊन सांगत, हे विकायचं नाही, ते घ्यायचं नाही. फेरीवाल्याचा माल जाळला तर त्याचं भांडवलच जळतं. 1907 मध्ये जमालपूरला दंगल झाली. तिला इतरही धागे होते, पण बाजारातली ही जबरदस्ती त्यातला एक होता. रवींद्रनाथ ठाकूर सुरुवातीला या चळवळीत गाणी रचत पुढे होते. ते याच सुमारास बाजूला झाले. गरिबाच्या पाठीवरून देशभक्ती हाकणं त्यांना सोसलं नाही.

[दृश्य: परळ, एल्फिन्स्टन मिलच्या परिसरातलं जुनं छायाचित्र.]

31 जुलै 1921. परळ. एल्फिन्स्टन मिलचं आवार. उमर सोबानी नावाच्या गिरणीमालकानं जागा दिली आहे. दीड माणूस उंच रचलेला ढीग डोळ्यांपुढे आणा. रेशमी साड्या, फेल्ट टोप्या, लग्नातले शालू. गांधींनी काडी लावली.

या वेळी वाद उघड झाला. लोक नागडे आहेत, कपडे जाळता कशाला, गरिबांना द्या, असं टीकाकार म्हणाले; चार्ली अँड्र्यूजसारख्या गांधींच्या जवळच्या मित्रानंही या होळीविरुद्ध लिहिलं. गांधींचं म्हणणं असं की जे नेसायची मला लाज वाटते ते मी गरिबाला कुठल्या तोंडानं देऊ? दोघांचंही म्हणणं पटतं. म्हणूनच हा वाद सुटलेला नाही. त्या वेळी एक मधली वाटही ठेवली होती, जाळायचं नसेल तर देशाबाहेर पाठवा. बरंच कापड तुर्कस्तानातल्या निर्वासितांसाठी वेगळं काढलं गेलं.

सरकारी वहीत परिणाम दिसला. 1920-21 मध्ये 102 कोटी रुपयांचं परदेशी कापड आलं होतं. पुढच्या वर्षी 57 कोटींचं.

पण पुन्हा तोच प्रश्न, दुसऱ्या दिवशी काय नेसायचं? खादी गिरणीच्या कापडापेक्षा महाग. गांधी दौऱ्यावर असताना गरीब माणसं त्यांना तोंडावर सांगत, आम्हाला परवडत नाही. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला त्यांनी सदरा-टोपी सोडली आणि पंचा नेसला. आपण तो पंचा त्यागाचं चिन्ह म्हणून बघतो. त्यामागे खादीच्या भावाची तक्रार होती.

बायकांची तक्रार वेगळी, आणि ती भाषणांत फारशी आली नाही. हातमागाचा पन्हा अरुंद. नऊवारीसाठी दोन पट्टे जोडायचे, मधे शिवण. सूत जाड. असं लुगडं एकदा भिजलं की विहिरीवर पिळायला दोघी लागायच्या. चळवळीचं वजन कुणी किलोत मोजलं असेल तर ते या बायकांनी.

त्याच नोव्हेंबरात, इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला त्या दिवशी, बहिष्कार हातघाईवर आला. विलायती टोपी, विलायती कोट दिसला की मारा. पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन माणसांना रस्त्यात गाठलं. उलट मारामाऱ्या झाल्या, गोळीबार झाला. पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधींनी उपोषण केलं. टोपी बघून माणूस ओळखायची सवय लागली की ती टोपीपाशी थांबत नाही.

[दृश्य: काळबादेवी. हातगाड्या, हमाल, कापडाचे गठ्ठे. बाबू गेनूच्या नावाची पाटी.]

काळबादेवीच्या या गल्लीत चालायला आजही जागा नाही. हमाल ओरडतो, ‘बाजू, बाजू’, आणि डोक्यावरचा गठ्ठा कानाला घासून जातो. शेजारी मूळजी जेठा मार्केट. 1930 मध्ये इथे बायका दुकानांपुढे ठाण मांडून बसत. विलायती माल घ्यायला येणाऱ्यापुढे हात जोडत. व्यापारी आपले गठ्ठे सील करून ठेवत. काही मनापासून, काही नाइलाजानं. सील केलेल्या मालावरचं व्याज मात्र रोज चढत होतं.

12 डिसेंबर 1930, शुक्रवार. विलायती कापड भरलेला ट्रक पोलिसांच्या पहाऱ्यात निघाला. स्वयंसेवक आडवे झाले. त्यांत एक होता आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद. वय बावीसच्या आसपास. काम गिरणीत. हिंदी ड्रायव्हरनं ट्रक पुढे न्यायला नकार दिला, म्हणून गोऱ्या सार्जंटनं चाक हातात घेतलं, असं सांगतात. ट्रक अंगावरून गेला. सरकारनं त्याला अपघात म्हटलं. बाबू गेनूनं त्याच दिवशी रुग्णालयात प्राण सोडला. त्याच्या अंत्ययात्रेला मुंबई लोटली.

आम्ही या पाटीखाली बराच वेळ उभे होतो. मनात येत राहिलं ते हे की ट्रकमधलं कापड अडल्यानं ज्यांचा माल खपणार होता, त्या गिरण्यांपैकीच एकीत हा पोरगा रोजावर होता. त्याला हे कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. गिरणगावात नफा कुणाचा हे शेंबड्या पोराला कळायचं. तरी तो आडवा झाला.

[दृश्य: आकडे पडद्यावर. मागे मागाचा आवाज, हळूहळू थांबत जाणारा.]

1929-30 मध्ये ब्रिटनमधून आलेलं कापड 124 कोटी 80 लाख यार्ड. 1930-31 मध्ये 52 कोटी 30 लाख. एका वर्षात निम्म्याहून खाली.

सगळं श्रेय बहिष्काराला देऊ नका. जगभर मंदी आलेली, शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही. आणि लँकेशायरनं सोडलेली जागा सगळी काही हिंदी कापडानं भरली नाही. जपान आलं. इतकं स्वस्त की 1933 मध्ये ब्रिटनबाहेरच्या कापडावर 75 टक्के जकात बसवावी लागली. पहिल्या महायुद्धाआधी लँकेशायर हिंदुस्थानला वर्षाला सुमारे 300 कोटी यार्ड कापड पाठवायचं. पुढच्या पंचवीस वर्षांत ते जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आलं. आणि तो साडेतीन टक्क्यांचा कर? 1925 च्या डिसेंबरात गुंडाळला गेला, त्याआधी मुंबईच्या कामगारांनी पगारकपातीविरुद्ध मोठा संप केल्यावर. होळीनं जे मागितलं होतं, त्यातलं एक संपानं मिळवून दिलं.

[दृश्य: डार्वेन, लँकेशायर. बंद चिमण्या. नंतर गांधी आणि गिरणीतल्या बायकांचं प्रसिद्ध छायाचित्र.]

सप्टेंबर 1931. बाबू गेनूला जाऊन नऊ महिने झालेत. गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधी दोन-तीन दिवस काढून लँकेशायरला आले. डार्वेन नावाचं गाव. चिमण्यांतून धूर नाही. घरोघर बेकारी. ज्या माणसामुळे काम गेलं असं वर्तमानपत्रं सांगत होती, तो माणूस पंचा नेसून, शाल पांघरून त्यांच्या दारात उभा.

हा फोटो तुम्ही पाहिला असेल. मध्ये गांधी, भोवती गिरणीत काम करणाऱ्या बायका. कुणी हसतेय, कुणी हात उंचावून ओरडतेय. या हातांना तुटलेलं सूत चालत्या मागावर जोडायची सवय होती, आणि ती कला परळमधल्या हातांनाही होती.

गांधींनी त्यांना गोड बोलून फसवलं नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे तीस कोटी माणसं अर्धं वर्ष बेकार असतात, असं सांगितलं. बहिष्कार मागे घेतो म्हणाले नाहीत. ऐकणाऱ्यांत एक बेकार विणकर होता. त्याचं बोलणं नोंदलं गेलंय. तो म्हणाला, मी स्वतः बेकार आहे. पण मी हिंदुस्थानात असतो, तर हे गांधी म्हणतात तेच मीही म्हटलं असतं.

[दृश्य: छायाचित्रावर कॅमेरा स्थिर. मागाचा आवाज पूर्ण थांबतो.]